एकट्यानं उचललेली काच

१

बाबा गेल्यानंतरच्या दिवसांत टाचणीच्या वाट्याला पाण्याचा ट्रे आला. सकाळी दार वाजायचं, गावातलं कोणीतरी आत यायचं, चपला नेहमीपेक्षा जरा जास्तच नीट काढून ठेवायचं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचं. आई समोर बसायची. टाचणीचा मोठा भाऊ बाहेरगावच्या नोकरीतून रजा काढून आला होता. दादा दाराशी उभा राहायचा. टाचणी पाणी द्यायची, मग रिकामा ट्रे पोटाशी धरून भिंतीला लागून उभी राहायची, आणि आलेलं माणूस बाबांबद्दल बोलायचं.

टाचणी हे नाव बाबांनीच पाडलेलं. बारीक, टोकदार, आणि कुठे ठेवली ते ऐन वेळी सापडत नाही म्हणून. शाळेतही तिचं तेच. हजेरी घेताना बाई तिचं नाव दोनदा पुकारायच्या, कारण पहिला 'हजर' त्यांच्या टेबलापर्यंत पोचायचाच नाही.

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, दारांच्या काचा, फोटोंच्या चौकटी. गावात कोणी खिडकीतून बाहेर बघत असेल, तर बहुधा बाबांनी कापलेल्या काचेतूनच बघत असे. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काही ना काही होतं, आणि ते ऐकताना आईचा चेहरा थोडा सैल व्हायचा. तेवढ्यासाठी टाचणीला ट्रे जड वाटत नव्हता.

त्या दिवशी औषधवाले काका आले. चौकातलं औषधांचं दुकान त्यांचं. अर्धा पेला पाणी पिऊन त्यांनी दोन्ही हात लांबवर पसरले.

"वहिनी, माझ्या दुकानाची दर्शनी काच, एवढी मोठी, मागच्या वर्षी त्यांनीच बसवली. आणि आले ते एकटे. भर रस्त्यातून एकट्यानं उचलून आणली, तीही शीळ वाजवत. मी म्हटलं, अहो, हाताखाली कोणी घ्या की. तर हसले आणि म्हणाले, मी पुरेसा आहे."

"एकटे नव्हते," टाचणी म्हणाली. "मी होते. दुसरं टोक मी धरलं होतं."

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नजरेत माया होती, नाही असं नाही. "तू लहान होतीस गं तेव्हा."

"मागच्या वर्षी?"

काकांनी पेला ट्रेमध्ये ठेवला, तिला थोपटावं तसं ट्रेलाच थोपटलं आणि पुन्हा आईकडे वळले.

२

तेवढी काच एकट्याला उचलता येत नाही. यात मतभेदाला जागाच नाही. प्रश्न ताकदीचा नसून लांबीचा असतो. एकट्यानं उचलली की पलीकडचं टोक झोल खातं, आणि झोल खाणं काचेच्या स्वभावात बसत नाही. म्हणून दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दोघांनी एकाच क्षणी उचलावं लागतं.

त्यासाठी बाबांनी एक पद्धत बसवली होती. दोघांनी श्वास भरून घ्यायचा. मग बाबा हनुवटी किंचित खाली आणायचे, आणि श्वास सोडत सोडत दोघांनी काच उचलायची. एक-दोन-तीन नाही, 'हं, चला' नाही. बाबांनी मधे एक-दोन माणसं कामाला ठेवून पाहिली, पण ती बोलायची. "बोलणाऱ्याचा श्वास कळत नाही," असं म्हणून बाबांनी त्यांना घरी पाठवलं. टाचणीचा श्वास कळायचा. शाळा सुटली की ती दुकानात जायची, लहान मापाचे हातमोजे घालायची आणि लांबलचक टेबलाच्या तिच्या बाजूला उभी राहायची. तिचं गप्प राहणं उपयोगी पडावं अशी जगात तेवढी एकच जागा होती.

आणि शीळ? चौकटीचे बारीक खिळे बाबा दिवसभर ओठांत धरायचे. त्या तोंडानं शीळ वाजवायची म्हणजे खिळे गिळायचे.

रात्री जेवताना तिनं हे सगळं आईला आणि दादाला सांगितलं. आईला हसू आलं.

"खिळे तर घरीसुद्धा असायचे त्यांच्या तोंडात. फक्त दिसायचे नाहीत. भाजी कशी झाली विचारलं तरी हूं, आणि गावाला आग लागली म्हटलं तरी हूं."

"मला तर कायम वाटायचं, रागावलेत," दादा म्हणाला.

"रागावलेले नसायचे रे. तसेच होते ते." आईनं टाचणीच्या ताटात वाढलं. "आणि हो, दुसरं टोक हीच धरायची. माझा जीव टांगणीला असायचा दोघं येईपर्यंत."

टाचणीला इतकं हायसं वाटलं की घास गिळायला वेळ लागला. दुकानदार मंडळींनी रविवारी शाळेच्या सभागृहात बाबांच्या आठवणींची सभा ठेवली होती. दादाही बोलणार होता.

"दादा, तिथे एवढं एकच वाक्य सांगशील? की दुसऱ्या टोकाला मी असायचे?"

"तूच सांग की."

"मी? माईकवर?"

"बरं बाई, मी सांगतो. त्यात काय."

त्यात काहीच नव्हतं. एक वाक्य होतं.

३

पण नंतर जो जो आला तो तेच सांगू लागला. केशकर्तनालयवाला म्हणाला, एकटेच आले, शीळ वाजवत. टपाल कचेरीतल्या बाई म्हणाल्या, एकट्यानं उचलली, शीळ वाजवत. "मी म्हटलं, कोणी मदतीला घ्या. तर हसून म्हणतात कसे, मी पुरेसा आहे." शब्द न् शब्द तोच, आणि 'पुरेसा' म्हणताना मान एका बाजूला कलवायची, तीही तशीच.

टाचणीनं स्वतःची समजूत घातली. औषधवाल्या काकांकडे सगळं गाव गोळ्या घ्यायला जातं. काका पुडीबरोबर ही गोष्टही बांधून देत असणार. ऐकलेली गोष्ट माणसाला चार दिवसांत स्वतःची वाटायला लागते, हे तिला ठाऊक होतं. वर्गातल्या मुली तेच करायच्या.

प्रत्येकाला तिनं सांगून पाहिलं. "मी होते." कोणी म्हणायचं, "हो का, छान." कोणी म्हणायचं, "पाणी पुरे, बाळ." टपाल कचेरीतल्या बाईंनी तर तिच्याकडे बघत, तिच्याच वाक्याच्या मधोमध आईला विचारलं, "मुलगा एकच ना तुम्हाला?"

आई म्हणाली, "अहो, नाही." मग ती थांबली. काय सांगायचं होतं ते हातातून निसटल्यासारखं तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात बाई पुढच्या आठवणीवर गेल्या होत्या.

शनिवारी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी बाबा प्रयोगशाळेच्या काचा बसवायला आले होते तेव्हाची हकिगत सांगितली. मुलांना गोष्टी सांगत होते, हसवत होते. "आणि लेकाला खांद्यावर घेऊन यायचे. इतकं प्रेम त्या एकुलत्या एकावर."

दादा दाराशी उभा होता. लहानपणी तो काच कापण्याच्या आवाजानं कानात बोटं घालून पळून जायचा आणि दुकानाची पायरी चढायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "आठवतंय मला. खांद्यावरून सगळं केवढंसं दिसायचं."

"दादा," टाचणी म्हणाली.

"बाबांच्या केसांना तेलाचा वास यायचा," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

टाचणी मुख्याध्यापिकांसमोर जाऊन उभी राहिली. एवढं धाडस तिनं आयुष्यात केलं नव्हतं. "बाई, प्रयोगशाळेची मोठी काच आम्ही दोघांनी आणली होती. तुम्ही दार उघडून धरलं होतं. मी तुमच्याच शाळेत आहे, दहावीत."

"हो? कोणत्या तुकडीत?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ट्रेमधला पेला उचलला.

४

संध्याकाळी दादानं आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "सभेतल्या फोटोसाठी दुकानातून चौकट आणायला हवी." कुणाला सांगितलं ते काही कळलं नाही. टाचणी किल्ली घेऊन निघाली. आपले लहान हातमोजेही घेऊन येऊ, असं तिच्या मनात होतं. ते सगळ्यांना दाखवता आले असते.

शटर वर गेलं. आत उन्हाचा शेवटचा पट्टा पडला होता आणि भिंतीला टेकवलेल्या काचांच्या कडा हिरव्यागार दिसत होत्या. खिळ्यावर बाबांचे हातमोजे होते. शेजारचा, तिच्या हातमोज्यांचा खिळा मोकळा होता. तिनं टेबलाखाली पाहिलं, खोक्यांमागे पाहिलं. आईनं धुवायला नेले असतील, असं म्हणून ती सरळ झाली.

टेबलावर जाड घोंगडं ताणून बसवलेलं होतं, काचेला ओरखडा उठू नये म्हणून. बाबांच्या बाजूला, जिथे ते कोपरं टेकायचे, तिथे दोन ठिकाणी त्याची लव पार उडाली होती. तिच्या बाजूलाही दोन तसेच डाग असायचे, जरा लहान, जरा जवळजवळ. ती वळसा घालून तिथे गेली. घोंगडं मऊ होतं. तिनं तळहात फिरवला. लव उभी होती, दाट होती, जणू कालच बाजारातून आणलेलं. कोणी बदललं असेल म्हणावं तर घोंगडं अखंड होतं.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला.

काच कापायचा हिरा काचेवरून फिरवला की एक लांब, बारीक आवाज होतो. एखादा कपडा अगदी हळू फाडावा तसा. हा आवाज टाचणीनं झोपेतही ओळखला असता. पलीकडे कोणी असणं शक्य नव्हतं. मागच्या खोलीला दुसरं दारच नव्हतं.

रेघ संपली. आता 'टक्' असा काच तुटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. त्याऐवजी पहिल्या रेघेवरून हिरा पुन्हा फिरला. मग पुन्हा. बाबा असं कधीच करत नसत. एका रेघेवरून हिरा दुसऱ्यांदा नेला की काच कुठे फुटेल याचा नेम नसतो, आणि हिराही जातो, हे त्यांनी तिला सगळ्यात आधी शिकवलं होतं. आत जे कोणी होतं ते त्याच रेघेवरून जात होतं, येत होतं, अगदी मजेत. काच फुटत नव्हती.

आणि मग शीळ सुरू झाली. छान होती. गोड होती. बाजारात ऐकली असती तर तिनं वळून पाहिलं असतं.

टाचणी तिथेच उभी राहिली. उंदीर असेल. शेजारच्या दुकानातून आवाज येत असेल. मागे रेडिओ चालू राहिला असेल. तिला एकेक कारण सुचत होतं आणि शीळ जसजशी पुढे जात होती तसतसं प्रत्येक कारण मागे पडत होतं. चौकट न घेताच ती बाहेर आली. शटर ओढताना तिच्या लक्षात आलं, इतका वेळ शीळ चालली होती, पण श्वास घ्यायला ती एकदाही थांबली नव्हती.

५

आई बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"दुकानात कोणीतरी आहे," टाचणी म्हणाली. "शीळ वाजवतंय."

आईनं इस्त्री उभी केली. "शीळ ऐकलीस?" तिचा चेहरा असा उजळला की टाचणीला मागे सरावंसं वाटलं. "कशी होती? जवळ होती का?"

"आई, बाबा शीळ वाजवायचे नाहीत."

"वाजवायचे की. संध्याकाळी कोपऱ्यावरून ऐकू यायची. मी चहा टाकायचे ती ऐकून. आत आले की माझ्या मागे येऊन उभे राहायचे, दिवसभराचं सगळं सांगायचे."

"तूच म्हणालीस, त्यांच्या तोंडात घरीसुद्धा खिळे असायचे."

"मी? काहीतरीच." आईनं शर्टाची कॉलर बोटांनी सपाट केली. "भरभरून बोलायचे ते."

टाचणीनं उजवा तळहात आईपुढे धरला. अंगठ्याखाली पांढरी, वाकडी रेघ होती. "हे बघ. औषधवाल्या काकांच्या काचेनं कापलं होतं. बाबांनी स्वतः पट्टी बांधली होती. तू त्यांच्यावर केवढी चिडली होतीस."

"पत्र्याच्या डब्यानं कापलं ते."

"काचेनं."

"असेल बाई, काचेनं तर काचेनं. हुज्जत कशाला घालतेस?" आईचा आवाज उतरला. "मला बरं वाटतं गं ते ऐकून. येणारा प्रत्येक जण किती चांगलं सांगतो त्यांच्याबद्दल. तुझं काय जातं त्यात?"

"माझंच जातंय सगळं," टाचणी म्हणाली. "ते तसे नव्हते. ते हसायचे नाहीत, बोलायचे नाहीत, आणि मला तेच चालायचं. मला तेच हवेत."

आई तिच्याकडे बघत राहिली. खूप प्रयत्न करून काहीतरी आठवावं तशी. मग तिनं हाक मारायला तोंड उघडलं. "अगं..." तिचा हात वर गेला, बोटं हवेत काहीतरी शोधत राहिली. "अगं ए. तेवढा दिवा लाव."

६

रविवारी दुपारी शाळेचं सभागृह गच्च भरलं. पुढच्या रांगेत आई आणि दादा बसले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली होती. टाचणी मागे, दाराजवळच्या भिंतीला लागून उभी राहिली. हातात ट्रे नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

एकेक जण माईकवर आला. एकटे आले. शीळ वाजवत. मी पुरेसा आहे. दर वेळी लोक हसत होते, डोळे पुसत होते, आणि दर वेळी सभागृहात जरासं काही वाढत होतं. काय ते तिला सांगता आलं नसतं. खोलीत सामान जास्त झालं की हवा जशी कमी वाटते, तसं वाटत होतं.

दादा उठला. टाचणीनं श्वास भरून घेतला. आता एक वाक्य. त्यानं कबूल केलं होतं.

"बाबांना कधी कोणाची गरज लागली नाही," दादा म्हणाला. "केवढीही काच असो, एकट्यानं उचलायचे. आम्हा दोघांना, आईला आणि मला, त्यांनी तसंच सांभाळलं."

टाळ्या झाल्या. औषधवाले काका माईकवर वाकून म्हणाले, "आणखी कोणी बोलायचं राहिलंय का?"

टाचणीनं हात वर केला. काकांची नजर रांगांवरून फिरत तिच्यापर्यंत आली आणि तिच्यावरून पुढे गेली. मग तिनं काय केलं असेल? ती बोलली. मोठ्यानं, शाळेत कधी बोलली नव्हती तेवढ्या मोठ्यानं. "दुसरं टोक मी धरायचे. एकट्याला उचलता येत नाही. कोणालाच येत नाही. मी त्यांची मुलगी आहे." तिच्या पुढच्याच खुर्चीवरचे गृहस्थ रुमालानं चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले.

तेवढ्यात सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. क्षणभर तिला वाटलं, आपल्याकडेच. पण सगळे दाराकडे बघत होते. बाहेरच्या व्हरांड्यातून शीळ येत होती.

कोणी घाबरलं नाही. हेच फार भयंकर होतं. लोक सरकून वाट करून देत होते. पुढे आई उठून उभी राहिली आणि तिनं केसांवरून हात फिरवला.

आधी काचेची कड दारातून आत आली, मग ती धरलेले हात. हात रुंद होते, स्वच्छ होते, त्यांच्यावर एक ओरखडा नव्हता. मग खांदा, आणि कालच इस्त्री केलेला शर्ट. चेहरा पुढे बसलेल्यांकडे होता, आणि तो बघून पुढच्या रांगा आनंदानं हसत होत्या. टाचणीला फक्त मान दिसली, एका बाजूला किंचित कललेली. तो चालत पुढे गेला आणि त्याच्यामागून काच जात राहिली, जात राहिली, तिनं पाहिलेल्या कुठल्याही काचेपेक्षा लांब. शेवटी मागचं टोक तिच्यासमोर आलं. त्याखाली कोणी नव्हतं.

हात आपोआपच पुढे गेले. तिनं टोक धरलं. काच थंड होती आणि खरी होती. तळहातात वजन उतरलं, ओळखीचं, आणि एका क्षणासाठी तिला इतकं बरं वाटलं की ती चार पावलं त्याच्यामागे चाललीसुद्धा. मग सवयीनं तिनं पलीकडचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला.

तिथे श्वास नव्हता. नुसती शीळ होती, न थांबणारी.

"बघा," कोणीतरी कौतुकानं म्हणालं. "एकट्यानं."

टाचणी संतापली. इतक्या दिवसांचा सगळा राग तिच्या मनगटांत उतरला. ठीक आहे, तिनं मनात म्हटलं. आता बघू. टोक खाली जाईल, फरशीवर आपटेल, काचेचा चुरा होईल, आणि मग सगळ्यांना मागे वळून बघावंच लागेल की इथे कोण उभं होतं.

तिनं दोन्ही हात काढून घेतले.

काच खाली गेली नाही. उलट तिचं टोक किंचित वर उचललं गेलं, कोणीतरी लोंबकळत होतं ते एकदाचं सुटल्यासारखं, आणि आईकडे जाताना ती अगदी सरळ राहिली.